छोट्या टॉर्चचा लांब झोत

टॉर्चच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला असतो तो ल्युमेनचा आकडा, आणि बहुतेक जण तोच पाहून टॉर्च निवडतात. दरीपलीकडची वाट किंवा शेताचा पार टोकाचा बांध पाहायचा असेल, तर हा आकडा फारसा उपयोगाचा नाही. ल्युमेन म्हणजे सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो किती लांब पोचेल, हे एका दिशेला तो किती एकवटलाय यावर ठरतं. त्याचं एकक कॅन्डेला.

कॅन्डेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं, की पल्ला मीटरमध्ये मिळतो. १०,००० कॅन्डेला म्हणजे २०० मीटर. ४०० मीटरसाठी मात्र ४०,००० लागतात, कारण अंतर दुप्पट झालं की तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो.

मग खिशात मावणाऱ्या टॉर्चला लांबचा पल्ला येतो कुठून? एलईडीची चकती अन्वस्ताकार, म्हणजे खोल वाटीसारख्या (पॅराबोलिक) आरशाच्या नाभीवर बसवलेली असते. दुरून झोताच्या मध्यातून पाहिलं, तर अख्खा आरसा त्या चकतीइतकाच तेजस्वी दिसतो. त्याहून तेजस्वी तो कधीच दिसणार नाही. आरसा मूळचं तेज वाढवत नाही, ते मोठ्या क्षेत्रफळावर दाखवतो. म्हणजे कॅन्डेला ठरतात दोनच गोष्टींनी: चकतीचं तेज आणि आरशाचं क्षेत्रफळ. आरशाचा व्यास निम्मा केला तर क्षेत्रफळ पाव उरतं आणि पल्ला निम्मा होतो. ही भरपाई चकतीच्या तेजानेच करावी लागते. म्हणून लांब पल्ल्याच्या छोट्या टॉर्चमध्ये चकती मुद्दाम लहान, पण दर चौरस मिलिमीटरला भरपूर प्रकाश देणारी असते. काही वेळा तिच्यावरचा पारदर्शक घुमटही काढून टाकतात. त्याने ल्युमेन घटतात आणि पल्ला वाढतो! मला या सगळ्या रचनेतली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

हा पांढरा प्रकाश मुळात निळा असतो. पिवळ्या प्रकाशाचं स्फुरण करणाऱ्या थरातून जाताना तो पांढरा होतो. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

लहान देहाची खरी अडचण उष्णता. ती बाहेर टाकायला पुरेसा धातू नसतो, म्हणून सर्वांत प्रखर पातळी काही मिनिटांतच आपोआप खाली येते.

खोक्यावरचा पल्लाही नीट समजून घ्यावा. त्या अंतरावर फक्त ०.२५ लक्स (जागेवर पडणारा उजेड मोजायचं एकक) उजेड उरतो, साधारण स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याइतका. तिथे काहीतरी आहे एवढं कळेल, काय आहे ते कळेलच असं नाही. निम्म्या अंतरावर चौपट उजेड मिळतो. निवड करताना तोच पल्ला धरावा.

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या धुक्यात मात्र हा अरुंद झोत थेंबांवरून परत डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. तिथे उजेड कमी करून टॉर्च डोळ्यांपासून दूर, कमरेजवळ धरावी.