‘जुळले’ या शब्दानंतर पुस्तक काय सांगते?

किशोरवयीन वाचकांसाठी गुन्हे आणि विज्ञान यांविषयीचे पुस्तक निवडायचे असेल, तर मी प्रथम बोटांच्या ठशांचे प्रकरण उघडतो. दोन ठसे ‘जुळले’ एवढेच सांगून लेखक पुढे गेला असेल, तर त्याने निकाल सांगितला, विज्ञान सांगितलेच नाही. घटनास्थळी मिळणारा ठसा बहुधा अर्धवट किंवा पुसट असतो; त्यातील रेषा कोठे संपतात आणि कोठे फुटतात हे तज्ज्ञ ताडून पाहतो, आणि त्याच्या निर्णयात चूक होऊ शकते. २००४ मध्ये माद्रिदमधील रेल्वे बॉम्बस्फोटांच्या तपासात एफबीआयने एका ठशाचा संबंध एका अमेरिकी वकिलाशी ठामपणे जोडला होता, परंतु तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे स्पॅनिश पोलिसांनी दाखवून दिले. अशी एकही चूक न सांगणाऱ्या पुस्तकावर मी विश्वास ठेवत नाही.

डीएनएविषयीचे प्रकरण अधिक बारकाईने वाचावे लागते, कारण ही पद्धत खरोखरच भक्कम आहे आणि म्हणूनच तिच्या मर्यादा झाकल्या जातात. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधील सुमारे ४० घटनास्थळी एकाच अनोळखी स्त्रीचा डीएनए सापडत असल्याने पोलीस अनेक वर्षे तिच्या मागावर होते. २००९ मध्ये उलगडा झाला, तो असा की तो डीएनए नमुने घेण्याच्या कापसाच्या काड्या हाताळणाऱ्या एका कामगार स्त्रीचा होता. काड्या निर्जंतुक होत्या, पण निर्जंतुकीकरणाने जंतू मरतात, डीएनए नाहीसा होत नाही. एवढे एक वाक्य समजावून देणारे पुस्तक मुलांना दहा थरारक प्रसंगांहून अधिक देते.

प्रकाशनाचे वर्षही पाहावे. केसांच्या सूक्ष्मदर्शकीय तुलनेत एफबीआयच्या तज्ज्ञांनी न्यायालयात पुराव्याला न पेलणारी विधाने केल्याचे त्या संस्थेनेच २०१५ मध्ये मान्य केले. त्याआधीच्या पुस्तकात ही माहिती असणार नाही. सूची आणि संदर्भ असावेत, रक्ताळलेली छायाचित्रे नसली तरी काही बिघडत नाही. श्रेय कोणाला दिले आहे, हेही मी आवर्जून तपासतो. ठशांची वर्गवारी बंगालमधील ब्रिटिश पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली जाते, पण तिची गणिती मांडणी करणारे भारतीय पोलीस अधिकारी अझिझुल हक आणि त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांचा उल्लेख अनेक पुस्तकांत येत नाही.

शेवटी पाहायचे ते इंग्लंडमधील १९८६ चे प्रकरण. दोन मुलींच्या खुनांपैकी एकाची कबुली १७ वर्षांच्या एका मुलाने दिली होती. अ‍ॅलेक जेफ्रीज या डीएनएवरून ओळख पटवण्याचे तंत्र शोधणाऱ्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी डीएनए तपासला, तेव्हा दोन्ही खुनांमागे एकच माणूस असल्याचे आणि तो हा मुलगा नसल्याचे सिद्ध झाले. खरा गुन्हेगार पुढे सापडला, ही गोष्ट बहुतेक पुस्तके रंगवून सांगतात. त्याआधी सुटलेल्या त्या मुलाला, वाचकाच्याच वयाच्या मुलाला, किती ओळी दिल्या आहेत हे मी मोजतो.