आतून कळणे आणि आतून घाबरणे

‘मनात पाल चुकचुकली’ या एकाच वाक्प्रचारावर आपण दोन अगदी निराळ्या गोष्टी भागवतो, आणि ‘आईला सगळे आधीच कळते’ अशा छापाचा संदेश नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरू लागला की त्यांची सरमिसळ आणखी घट्ट होते. यांतल्या एकीला मी जाण म्हणतो आणि दुसरीला धास्ती. दोघी बोलतात मात्र एकाच आवाजात: ‘माझे मन मला सांगते आहे.’

जाण सर्वांच्या परिचयाची आहे, त्यामुळे तिच्यावर फार शब्द खर्च करत नाही. मुलाने दारात चपला कशा काढल्या, एवढ्यावरून पेपर कसा गेला हे ओळखणारी आई प्रत्येक घरात असते. तिने कारणे मनाशी जुळवलेली नसतात. उत्तर आधी येते आणि कारणे मागाहून सापडली तर सापडतात.

माझ्या आत्यांची ‘त्यांना आतून कळते’ अशी ख्याती होती. एका सकाळी काका नेहमीप्रमाणे बशीतून चहा पीत असताना त्या एकदम म्हणाल्या, “आज ह्यांचे लक्षण ठीक नाही, डॉक्टरांना दाखवून या.” आम्हा कोणालाच काही वेगळे दिसले नव्हते. दुपारी काकांचा ताप १०३ अंशांवर गेला आणि आत्यांच्या ख्यातीत भर पडली. पुढे अनेक वर्षांनी मी त्यांना खोदून खोदून विचारले, तेव्हा त्या बराच वेळ आठवत राहिल्या आणि म्हणाल्या की, बशीवर फुंकर घातल्याशिवाय कधीही घोट न घेणाऱ्या माणसाने त्या दिवशी फुंकर घातली नव्हती, आणि बशीची कड त्यांच्या दातांवर किणकिणली होती. ताप चढण्याआधीची हुडहुडी त्यांच्या कानांनी टिपली होती.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी अग्निशमन दलातील अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांना असाच एक अधिकारी भेटला. स्वयंपाकघरातील साधी वाटणारी आग विझवत असताना त्याने आपल्या माणसांना अचानक बाहेर काढले आणि लगेच जमीन खचली. आपल्याला अतींद्रिय शक्ती आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. प्रत्यक्षात आगीचे मूळ तळघरात होते; खोली आगीच्या मानाने फार तापलेली आणि फार शांत होती, आणि हे ‘जुळत नाही’ एवढेच त्याच्या अनुभवाने हेरले होते.

आता धास्तीकडे येतो, कारण लोक चकतात ते इथेच. याच आत्यांनी एकदा माझे रत्नागिरीला जाणे रद्द करायला लावले होते. “आंबा घाटातून आज नको, मन नको म्हणते आहे.” मी गेलो नाही. नंतर कित्येक वर्षे हा प्रसंग त्यांच्या दिव्यदृष्टीचा पुरावा म्हणून सांगितला गेला: “गेला असतास तर काय झाले असते, देव जाणे.” मी जिच्यात बसणार होतो ती बस त्या संध्याकाळी वेळेवर पोहोचली होती, पण ते विचारायला कोणी गेलेच नाही. मानलेली धास्ती कधीच खोटी ठरत नाही, हीच तिची खरी मेख आहे. क्लाइन आणि डॅनियल कानमन हे दोघे अंतःप्रेरणेकडे परस्परविरुद्ध बाजूंनी पाहणारे संशोधक. तरी २००९ मध्ये त्यांनी मिळून लिहिलेल्या लेखात दोन अटींवर त्यांचे एकमत झाले. ज्या क्षेत्रात अंदाज करायचा त्यात काही नियमितपणा हवा, आणि आपला अंदाज बरोबर होता की चूक, हे त्या माणसाला वेळोवेळी कळत राहायला हवे. काकांची बशी दोन्ही अटी रोज सकाळी पुऱ्या करत होती. आंबा घाटाच्या बाबतीत आत्यांपाशी यातले काहीच नव्हते.

‘पण मला इतके तीव्रपणे वाटले!’ हा युक्तिवाद ऐकून माझे कान किटले आहेत. रात्रभर झोप न लागणे, छातीत धडधड होणे, हे सारे भीतीचे सोहळे आहेत. त्यांवरून घाटात काय होणार हे कळत नाही. मी पाहिलेली जाण बहुधा थंड असते, एखाद्याच वस्तूला किंवा हालचालीला चिकटलेली असते, आणि खुलासा झाला की गप्प बसते. धास्तीला खुलासा पुरत नाही. बस पोहोचल्याचे कळवले की ती परतीच्या बसवर जाऊन बसते.

‘पण ते खरे ठरले!’ हा दुसरा युक्तिवाद. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधील ॲबरफॅन येथे कोळसाखाणीच्या मातीचा ढीग शाळेवर कोसळला आणि १४४ जण दगावले. त्यांत ११६ मुले होती. आपल्याला हे आधीच जाणवले होते, असे सांगणारी ७६ पत्रे जॉन बार्कर या मनोविकारतज्ज्ञांकडे आली. त्यांचा अशा पूर्वसूचनांवर विश्वास होता, तरीही नंतरच्या आठवणींवर विसंबता येत नाही हे ओळखून १९६७ मध्ये त्यांनी एका वृत्तपत्राच्या मदतीने घटनेआधीच सूचना नोंदवून घेण्याची सोय केली. बहुतेक नोंदी कशाशीच जुळल्या नाहीत.

‘आपल्या पूर्वजांनी हे मानलेच होते’ असे म्हणणाऱ्यांनी निदान पूर्वजांना पुरते वाचावे. ‘उद्या माझा भाऊ येणार, असे माझे हृदय सांगते’ असे म्हणणाऱ्या मुलीचे उदाहरण वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाचे आचार्य प्रशस्तपाद देतात खरे, परंतु असे ज्ञान सामान्य माणसांना ‘कदाचिदेव’, म्हणजे क्वचितच होते, असेही त्याच वाक्यात सांगतात. तो शब्द सोयीस्करपणे गाळला जातो.

पहाटेची स्वप्ने, डावा डोळा लवणे, उचकी लागणे यांत फरक करत बसण्यात मला रस नाही; कुटुंबात त्यांनी कोणाचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते ‘तू खोटे बोलते आहेस, मला आतून कळते’ असे लेकीला सुनावल्याने, कारण त्या आरोपाला तिच्यापाशी उत्तरच नसते. आईला खरोखर काही खटकले असेल, तर काय खटकले ते तिने सांगावे.

आत्यांना मी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये मनात येईल ते त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहायला सांगितले. सुरुवातीला त्या रागावल्या, मग पेन्सिलीने लिहू लागल्या. दिवाळीपर्यंत काकांबद्दलच्या बहुतेक नोंदी बरोबर निघाल्या होत्या आणि प्रवासांबद्दलची एकही नाही. त्यानंतर मी निघालो की त्या म्हणत, “मला भीती वाटते रे, पोहोचलास की फोन कर,” आणि मी पोहोचल्यावर फोन करत असे.