लॉर्ड ऑफ द फ्लाइज : उपरोध आणि सभ्यतेचा ऱ्हास

विल्यम गोल्डिंग (१९११–९३) ह्या इंग्रज लेखकाची पहिली कादंबरी, प्रकाशन १९५४. लेखन त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत झाले असावे. निर्जन बेटावर अडकलेल्या शाळकरी मुलांच्या वस्तीची हिंसक टोळी कशी होते, हे कथानक सर्वपरिचित आहे.

कादंबरीतील उपरोधाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तो मुळात वाङ्मयीन आहे. बॅलंटाइनच्या ‘द कोरल आयलंड’ (१८५७) ह्या साहसकथेत राल्फ आणि जॅक ही मुले बेटावरही सुसंस्कृत राहतात. गोल्डिंगने नावे तीच ठेवून निष्कर्ष उलटा काढला. दुसरे मत युद्धानुभवाकडे बोट दाखवते. गोल्डिंग ब्रिटिश नौदलात होता आणि १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेत त्याने भाग घेतला होता. चौकट बॅलंटाइनकडून आली आणि कडवटपणा युद्धातून, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पहिल्या खर्ड्याची सुरुवात अणुयुद्धाच्या वर्णनाने होती. संपादक चार्ल्स माँटीथच्या सूचनेवरून ती वगळली गेली. ह्या काटछाटीने उपरोध धारदार झाला: मोठ्यांच्या जगाकडून मुलांना काही खूण मिळते ती मेलेल्या हवाई सैनिकाच्या रूपाने, आणि त्यालाच ती बेटावर लपलेले श्वापद समजतात. तो केवळ मृत सैनिक आहे हे सत्य सांगायला आलेला सायमन हा मुलगा श्वापद समजूनच मारला जातो. संपूर्ण कादंबरीत ह्याहून विदारक प्रसंग नाही.

मुले ज्याने जाळ पेटवतात त्या पिगी ह्या मुलाच्या चष्म्याचा प्रश्न बराच चर्चिला गेला आहे. पिगीला लांबचे दिसत नाही. अशा दोषासाठी अंतर्गोल भिंग लागते. ते किरण पसरवते, त्यामुळे त्याने सूर्यकिरण एकवटून जाळ पेटवता येत नाही. त्यासाठी बहिर्गोल भिंग हवे. ऑक्सफर्डमध्ये गोल्डिंगने आधी विज्ञानाचे शिक्षण घेतले होते, म्हणून ही चूक विशेष लक्षात येते. तिने आशयाला मात्र बाध येत नाही. सुटकेचा धूर करण्यासाठी वापरलेला हाच चष्मा पुढे डुकराचे मांस भाजायला चोरला जातो.

शेवटही असाच. शिकारीच्या नादात जॅकच्या शिकारी टोळीतील मुले खुणेची आग विझू देतात आणि जहाज निघून जाते. राल्फला ठार मारण्यासाठी त्यांनीच लावलेल्या वणव्याचा धूर पाहून नौदलाचा अधिकारी येतो. इंग्रज मुलांनी असे वागावे ह्याची त्याला खंत वाटते. तो स्वतः युद्धनौकेवरून आलेला असतो. काही समीक्षकांना ही सुटका सोयीची वाटते. प्रस्तुत नोंदकारास ती उपरोधाची परिणती वाटते.

मराठीत ह्या विषयाच्या सर्वांत जवळचे लेखन नागपूरचे आहे. महेश एलकुंचवार (जन्म १९३९) यांनी नागपूरच्या महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन केले. त्यांची ‘होळी’ ही एकांकिका सु. १९७० ची. सुट्टी नाकारल्याने चिडलेले वसतिगृहातील विद्यार्थी होळी पेटवतात, चुगली करणाऱ्या सोबत्याचा छळ करतात आणि तो आत्महत्या करतो. साम्य प्रेरणेपेक्षा विषयाचे मानावे. एलकुंचवारांची मुले बेटावर नाहीत. प्राचार्य, प्राध्यापक, नियम सगळे जागेवर असताना हे घडते. त्यामुळे ‘होळी’ नागपूरच्या वाचकाला अधिक जवळून भिडते. केतन मेहता यांनी तिच्यावर १९८४ मध्ये हिंदी चित्रपट काढला.