हेलिकॉप्टर अपघाताचा तपास : ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात

प्राणहानी झालेल्या हेलिकॉप्टर अपघाताची कारणे शोधून तसाच अपघात पुन्हा घडू नये म्हणून शिफारशी करणे, हे या तपासाचे उद्दिष्ट असते. भारतात नागरी हेलिकॉप्टरांच्या अपघातांचा तपास विमान अपघात तपास ब्युरो (एएआयबी) ही ३० जुलै २०१२ रोजी स्थापन झालेली केंद्रीय यंत्रणा करते. नागरी विमान वाहतुकीविषयीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या परिशिष्ट १३ नुसार दोषी ठरविणे हा या तपासाचा हेतू नसतो. पोलिसांची अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा आणि शवविच्छेदन ही कायदेशीर कारवाई वेगळी असली तरी ती त्याच शिवारात आणि त्याच वेळी चालू असते.

गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात जखमी जवानांना नागपूरला हलविण्यासाठी आणि निवडणुकीत दुर्गम केंद्रांवर मतदान पथके पोहोचविण्यासाठी हेलिकॉप्टर वापरले जाते. अशा भागात अपघात झाल्यास सर्वांत आधी गावकरी, पोलीस पाटील आणि जवळच्या ठाण्याचे कर्मचारी पोहोचतात; तपास पथक यायला बराच वेळ लागतो. जखमींना बाहेर काढणे आणि आग विझविणे याला अर्थातच पहिले प्राधान्य असते, परंतु त्यापलीकडे अवशेषांना हात लागू न देणे हे या पहिल्या माणसांचे फार मोलाचे काम आहे, आणि त्याची दखल क्वचितच घेतली जाते. पावसाळ्यात काळ्या मातीत सुटे भाग रुतून दिसेनासे होतात, तर एप्रिल-मे महिन्यांत वाळलेल्या पाल्याला लागलेली आग पुरावा जाळून टाकू शकते.

हा पुरावा किती बारीक असतो, हे एका बोल्टावरून लक्षात येते. रोटरच्या (हेलिकॉप्टरला उचलणाऱ्या फिरत्या पंख्याच्या) पात्यांचा कोन बदलणाऱ्या दांड्या बोल्टाने जोडलेल्या असतात, आणि त्यांचे नट सैल होऊ नयेत म्हणून पिन घातलेली असते. आदळताना बोल्ट उपटला गेला असेल तर भोक ओढले गेलेले आणि दांडी वाकलेली सापडते. पिन नसल्यामुळे नट फिरून बोल्ट हवेतच निसटला असेल तर भोक बहुधा शाबूत राहते. पहिली स्थिती अपघाताचा परिणाम असते, दुसरी त्याचे कारण असू शकते. त्यामुळे भंगार समजून कोणी उचललेला बोटभर तुकडाही तपासाची दिशा बदलू शकतो.

पात्यांचीही अशीच तपासणी होते. इंजिनाची शक्ती मिळत असताना रोटर झाडांवर किंवा जमिनीवर आदळला, तर पात्यांचे तुकडे दूरवर फेकले जातात आणि फांद्या स्वच्छ कापल्या जातात. फेरे आधीच मंदावले असतील तर पाती वरच्या बाजूला वाकलेली आढळतात. तुटलेल्या धातूच्या पृष्ठभागावर शंखशिंपल्यावर असतात तशा वक्र रेषा असल्यास चीर दीर्घकाळ वाढत होती, असे समजतात. २९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेमध्ये मुख्य रोटर सुटून १३ जणांचा मृत्यू झाला. त्या तपासात गिअरबॉक्सच्या एका दातेरी चाकातील थकव्याची (धातूवर वारंवार ताण पडून वाढणारी) चीर हे कारण निघाले. ती पृष्ठभागाखाली वाढल्यामुळे गिअरबॉक्सच्या इशारा यंत्रणेला कळली नव्हती.

लहान हेलिकॉप्टरांत अनेकदा ध्वनी व उड्डाण नोंद यंत्रे नसतात. अशा वेळी जीपीएस, मोबाइलवरील चित्रफिती, इंधनाचे नमुने (ज्या पिंपातून इंधन भरले त्यातीलही) आणि साक्षीदार यांवर भर राहतो. तेंदूपाने तोडणारी बाई किंवा गुराखी हा अशा वेळी एकमेव साक्षीदार असू शकतो. त्याचे म्हणणे गोंडी, माडिया, झाडीबोली किंवा वऱ्हाडी अशा त्याच्याच बोलीत, तो उभा होता त्याच जागी उभे करून आणि बोटाने दिशा दाखवायला लावून घ्यावे. एक किलोमीटरवरचा आवाज सुमारे ३ सेकंद उशिरा ऐकू येतो. म्हणून ‘आधी पडले, मग धडाका झाला’ या साक्षीवरून घटनाक्रम लगेच ठरवता येत नाही.

विदर्भात उष्णतेचा हिशेब टाळता येत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटरवर असलेल्या चंद्रपुरात पारा ४५ अंशांवर गेला की हवा प्रमाण वातावरणात (हिशेबासाठी ठरविलेल्या सरासरी वातावरणात) सुमारे १३०० मीटर उंचीवर असते तितकी विरळ होते. पात्यांची उचल आणि इंजिनाची शक्ती दोन्ही घटतात. त्यामुळे प्रवासी, सामान आणि इंधन यांचे त्या वेळचे वजन तपासले जाते. वाळलेल्या मैदानावर उडणारी धूळ वैमानिकाला जमीन दिसू देत नाही. तारांचा धोका तर सर्वत्र आहे. २६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाजवळ वैनगंगेवर आडव्या बांधलेल्या तारेला धडकून प्रशिक्षण विमान कोसळले आणि त्यातील दोघांचा मृत्यू झाला. ते हेलिकॉप्टर नव्हते, पण कमी उंचीवरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरला हाच धोका असतो.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्राथमिक अहवाल ३० दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत अपेक्षित असतो. सेनादलांच्या हेलिकॉप्टरांची चौकशी एएआयबीकडे नसून लष्करी चौकशी न्यायालयाकडे असते. जनरल बिपिन रावत यांच्यासह १४ जण ज्यात होते, त्या ८ डिसेंबर २०२१ च्या कुन्नूर अपघातात अशाच चौकशीने यांत्रिक बिघाड, घातपात आणि निष्काळजीपणा नाकारून, दरीत अचानक हवामान बदलल्याने हेलिकॉप्टर ढगांत शिरले आणि वैमानिकाला दिशा व स्थितीचे भान राहिले नाही, असा प्राथमिक निष्कर्ष काढला.