किल्ली मिळाली, तरी चार महिने

१४ मे २०२१ च्या पहाटे आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचे संगणक एकामागून एक निकामी होऊ लागले. 'कॉन्टी' नावाच्या टोळीने रॅन्समवेअर, म्हणजे फायली बंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, सोडला होता. ७० हजारांहून अधिक संगणक वापरणाऱ्या या यंत्रणेने लागण आणखी पसरू नये म्हणून सगळे नेटवर्क स्वतःहूनच बंद केले. देशभरातल्या रुग्णालयांचा कारभार कागद-पेनावर आला. सरकारने खंडणी द्यायला साफ नकार दिला, आणि सहाच दिवसांनी, २० मे रोजी, टोळीने फायली उघडण्याची किल्ली फुकट देऊन टाकली. तरीही सगळे सर्व्हर पूर्ववत व्हायला २१ सप्टेंबर उजाडला.

किल्ली हातात असताना चार महिने कशाला लागले? संगणकावर व्यवसाय चालवणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारावा असे मला मनापासून वाटते. रॅन्समवेअर म्हणजे फायलींना लागलेले कुलूप, एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असते. कुलूप हा हल्ल्याचा अगदी शेवटचा टप्पा. त्याआधी हल्लेखोर तुमच्या नेटवर्कमध्ये मुक्काम ठोकून असतो. आयर्लंडमध्ये एका कर्मचाऱ्याने ईमेलमधून आलेली एक्सेल फाइल उघडली ती १८ मार्चला, म्हणजे आठ आठवडे आधी. ३१ मार्चला त्याच संगणकावरच्या अँटिव्हायरसने हल्लेखोरांची हत्यारे ओळखलीही होती, पण ते फक्त नोंद करण्यावर ठेवलेले होते, अडवण्यावर नाही. या आठ आठवड्यांत कोणते पासवर्ड चोरले गेले, कोणत्या मशीनवर चोरवाट ठेवली गेली, हे किल्ली सांगत नाही. फायली उघडतात, पण त्या ज्या मशीनवर आहेत त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवावेच लागते. सावरण्यातला बहुतेक वेळ या एकाच कामात जातो.

आधी कुलूप लागते कसे ते पाहू. आजचे रॅन्समवेअर दोन प्रकारचे एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात माहिती बदलण्याची पद्धत, एकत्र वापरते. सहसा प्रत्येक फाइलसाठी ते एक नवी किल्ली तयार करते आणि एईएससारख्या वेगवान पद्धतीने फाइल एन्क्रिप्ट करते. मग ही छोटी किल्ली आरएसएसारख्या दुसऱ्या पद्धतीने बंद करून बहुधा त्या फाइलमध्येच ठेवून देते. या दुसऱ्या पद्धतीत किल्ल्यांची जोडी असते. बंद करणारी किल्ली प्रोग्रॅमसोबत येते, उघडणारी हल्लेखोराकडेच राहते. प्रोग्रॅम पकडून त्याची चिरफाड केली तरी त्यात उघडणारी किल्ली सापडत नाही. एकेक करून किल्ल्या लावून पाहायच्या म्हटल्या, तर २५६ बिटांच्या किल्लीच्या शक्यतांची संख्या ७८ अंकी होते.

हे पूर्वी असे नव्हते. पहिले रॅन्समवेअर १९८९ मध्ये फ्लॉपी डिस्कवरून टपालाने वाटले गेले. ते फायलींची नावे बदलून टाकायचे आणि १८९ डॉलर पनामातल्या एका टपालपेटीवर पाठवायला सांगायचे. त्यात बंद करणारी आणि उघडणारी किल्ली एकच होती, त्यामुळे जाणकारांनी ते लवकरच सोडवले. किल्ल्यांची जोडी वापरली तर ही पळवाट बंद होईल, असा इशारा अॅडम यंग आणि मोटी युंग या दोन संशोधकांनी १९९६ मध्येच देऊन ठेवला होता. पुढे तसेच झाले.

तरीही पहिल्या तासात हातात काही गोष्टी असतात, आणि त्यातली एक घाईत हमखास चुकते. पडद्यावर खंडणीची चिठ्ठी दिसली की माणूस आधी मशीन बंद करतो. करायचे असते ते वेगळे: नेटवर्कची केबल काढायची, वायफाय तोडायचे आणि मशीन चालूच ठेवायचे. वीज गेली की मेमरी पुसली जाते, आणि मेमरीत पुरावे असतात. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हे रॅन्समवेअर जगभर पसरले, तेव्हा एड्रियन गिने या फ्रेंच संशोधकाच्या लक्षात आले की विंडोज एक्सपीवर किल्ली तयार करताना वापरलेल्या मूळ संख्या काम झाल्यावरही मेमरीत पडून राहतात. त्या दोन संख्या सापडल्या की किल्ली पुन्हा बनवता येते. लगेच तसे साधनही तयार झाले. मुख्य अट अशी होती, की मशीन मध्ये बंद करून पुन्हा सुरू केलेले नको. ज्यांनी धास्तावून बटण दाबले, त्यांच्या हातून ती संधी गेली. मात्र मशीन नेटवर्कपासून तोडणे शक्यच नसेल आणि डोळ्यांदेखत फायली बंद होत असतील, तर वीज तोडणे बरोबर.

पहिल्याच दिवशी आणखी एक सावधगिरी लागते. हल्लेखोर कंपनीचे ईमेल आणि चॅट वाचत असण्याची दाट शक्यता असते. पुढे काय करायचे याची चर्चा त्याच ईमेलवर केली तर आपला बेत आपणच त्यांना कळवतो. बोलणे बाहेरच्या फोनवरून व्हावे, आणि महत्त्वाचे नंबर कागदावर लिहिलेले असावेत. कायद्याचे घड्याळही इथूनच सुरू होते. वैयक्तिक माहिती फुटली असेल तर युरोपीय संघात नियामकाला कळवायला ७२ तास मिळतात, भारतात अशा हल्ल्याची खबर सर्ट-इन या सरकारी संस्थेला ६ तासांत द्यावी लागते. बंद झालेल्या फायलीही फेकू नयेत, त्यांची प्रत जपून ठेवावी. पोलिसांच्या हाती टोळीचे सर्व्हर लागतात, कधी टोळीच्या प्रोग्रॅममध्ये चूक निघते, आणि महिन्यांनी किल्ली मिळते. डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर अशी साधने मोफत मिळतात.

मग पैसे द्यायचे का? माझे मत स्पष्ट आहे: देऊ नयेत. दिल्याने पुढच्या हल्ल्याला भांडवल मिळते हे तर आहेच, पण निव्वळ व्यवहार म्हणूनही तो सौदा वाईट ठरतो. मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या कलोनियल पाइपलाइन कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर मोजले. बदल्यात मिळालेले साधन इतके रटाळ चालत होते की कंपनीने आपल्याच बॅकअपमधून काम सुरू ठेवले. २०२४ मध्ये वैद्यकीय बिलांचे व्यवहार सांभाळणाऱ्या चेंज हेल्थकेअर या अमेरिकी कंपनीच्या प्रकरणात २.२ कोटी डॉलर दिले गेले. टोळीचे म्होरके पैसे घेऊन पसार झाले, आणि ज्या साथीदाराने हल्ला केला होता त्याने चोरलेला डेटा अजून आपल्याकडेच असल्याचे जाहीर केले. २०१७ च्या 'नॉटपेट्या' हल्ल्यात तर पैसे देऊन किल्ली मिळण्याची सोयच नव्हती. खंडणीची चिठ्ठी होती, पण प्रोग्रॅम फक्त नासधूस करण्यासाठी लिहिलेला होता. अर्थात जिथे बॅकअपही गेलेला आहे आणि उद्या कर्मचाऱ्यांचे पगार थांबणार आहेत, तिथे मालकावर केवढा दबाव येतो हे मला समजते. अशा वेळीही आधी कायदेतज्ज्ञांना विचारलेले बरे, कारण काही टोळ्यांवर आर्थिक निर्बंध आहेत आणि त्यांना पैसे देणे हाच गुन्हा ठरू शकतो.

आता मुख्य काम, उभारणी. घाईघाईने हिशेबाचा सर्व्हर आधी सुरू करावा असे प्रत्येक मालकाला वाटते. पण सुरुवात ओळख पटवणाऱ्या यंत्रणेपासून करावी लागते. बहुतेक कंपन्यांत कोण आत येऊ शकतो हे अॅक्टिव्ह डिरेक्टरी ठरवते आणि ती डोमेन कंट्रोलर नावाच्या सर्व्हरवर चालते. लॉगिन केले की तुम्हाला एक डिजिटल प्रवेशपत्र मिळते. त्या प्रत्येक प्रवेशपत्रावर केआरबीटीजीटी या अंतर्गत खात्याच्या गुपिताचा जणू शिक्का असतो. हल्लेखोराने ते गुपित चोरले तर तो कोणाच्याही नावाचे, अगदी मुख्य अॅडमिनच्या नावाचेही, प्रवेशपत्र स्वतः बनवू शकतो. तुम्ही सगळ्यांचे पासवर्ड बदलले तरी त्याचा शिक्का चालतच राहतो. म्हणून या खात्याचा पासवर्ड बदलावा लागतो, तोही दोनदा. कारण ही यंत्रणा चालू पासवर्डसोबत आधीचाही लक्षात ठेवते. एकदा बदलला तर चोरलेला पासवर्ड 'आधीचा' म्हणून ग्राह्यच राहतो. दोन बदलांच्या मध्ये थोडा अवधीही सोडावा लागतो, कारण आधी दिलेली खरी प्रवेशपत्रे साधारण १० तास चालतात आणि घाई केली तर आपलीच माणसे बाहेर पडतात.

डोमेन कंट्रोलरच गेला तर काय होते ते डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीने अनुभवले. नॉटपेट्याच्या हल्ल्यानंतर तिच्याकडे बऱ्याच सर्व्हरचे बॅकअप होते, पण डोमेन कंट्रोलरचा एकही नव्हता. जगभर असे सुमारे १५० सर्व्हर होते, ते सतत एकमेकांशी जुळवून घेत असत, त्यामुळे प्रत्येकजण दुसऱ्याचा बॅकअप आहे असे गृहीत धरलेले होते. सगळे एकाच वेळी पुसले जातील हा विचार झाला नव्हता. शेवटी घानामध्ये एक शाबूत सापडला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. इंटरनेटवरून तो डेटा पाठवायला कित्येक दिवस लागले असते आणि उभारणीचे केंद्र ब्रिटनमध्ये होते, पण घानातल्या कर्मचाऱ्यांकडे तिथला व्हिसा नव्हता. एक कर्मचारी हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथे दुसऱ्याच्या हाती दिली आणि ती लंडनजवळच्या केंद्रात पोहोचली. कंपनीने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक १० दिवसांत नव्याने उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

उभारणी चालू असताना धंदा मात्र थांबवता येत नाही, आणि इथे मला नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या अॅल्युमिनियम कंपनीबद्दल विशेष आदर वाटतो. मार्च २०१९ मध्ये तिच्यावर हल्ला झाला. संगणक नेटवर्कला जोडू नका, अशा चिठ्ठ्या तिने दारांवर चिकटवल्या, जिथे जमेल तिथे यंत्रे हाताने चालवली, खंडणी नाकारली आणि फेसबुकवरून व पत्रकार परिषदांतून काय चालले आहे ते उघडपणे सांगत राहिली. लपवाछपवी करणाऱ्या कंपनीचे ग्राहक अफवांवर विसंबतात. हायड्रोच्या ग्राहकांना ती वेळ आली नाही.

बॅकअपबद्दल सगळे बोलतात: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक बाहेर. यात एक भर हवी. एक प्रत अशी हवी जी अॅडमिनच्या पासवर्डनेही पुसता येणार नाही, कारण हल्लेखोर नेमका तोच पासवर्ड मिळवून आधी बॅकअप नष्ट करतो. कोणत्या तारखेचा बॅकअप घ्यायचा हाही प्रश्न असतो. कालचा घेतला तर त्यात चोरवाटही परत येते. म्हणून तो थेट चालू नेटवर्कवर न उतरवता आधी तोडलेल्या, वेगळ्या जागी उतरवून तपासतात. ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकायची आणि बॅकअपमधून शक्यतो फक्त डेटा घ्यायचा, हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग.

आणि वेळेचा हिशेब आधीच करून ठेवायला हवा. ४० टेराबाइट डेटा १ गिगाबिटच्या लाइनवरून परत आणायचा तर पूर्ण वेगाने, एकही अडथळा न येता, जवळपास ८९ तास लागतात. तेही डेटा उतरवायला जागा असेल तर. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर हल्ला झाला. तिनेही खंडणी दिली नाही, आणि मार्च २०२४ मध्ये काय चुकले याचा अहवाल स्वतःच प्रसिद्ध केला. डिजिटल संग्रहाच्या प्रती तिच्याकडे सुरक्षित होत्या. पण हल्लेखोरांनी काही सर्व्हर नष्ट केले होते, आणि जुनी सॉफ्टवेअर एकतर बनवणाऱ्यांनी सोडून दिलेली होती किंवा नव्या यंत्रणेवर चालतच नव्हती. डेटा होता, तो उतरवायला जागा नव्हती. बॅकअपची चाचणी घेताना फाइल परत येते का एवढेच पाहून भागत नाही. ती उघडणारा प्रोग्रॅम कोऱ्या मशीनवर बसतो का, त्याचा परवाना आणि इन्स्टॉलर कुठे आहे, आणि तो बसवणारा माणूस सुट्टीवर असेल तर दुसऱ्या कोणाला ते जमते का, हेही त्याच दिवशी तपासून घ्यावे लागते.