विद्युतीकरण झालं म्हणजे नेमकं काय झालं?

मराठवाड्यात वीज येत नाही, 'लाईट' येते. रात्री बारा वाजता उसाला पाणी द्यायला निघालेला शेतकरीही 'लाईट आली' म्हणूनच उठतो. 'विद्युतीकरण' हा शब्द सरकारी कागदांतला, पण त्याची घडण फार नेमकी आहे. 'द्युत्' म्हणजे चमकणे, त्यावरून विद्युत्. मधला दीर्घ 'ई' ही संस्कृतातल्या 'च्वि' प्रत्ययाची खूण. आधी जे तसं नव्हतं ते तसं होणं, हा त्याचा अर्थ. शुद्धीकरणात आहे तसाच. इंग्रजी 'इलेक्ट्रिक'चं मूळ मात्र अंबर या पिवळसर राळेच्या ग्रीक नावात आहे. घासलेलं अंबर हलक्या वस्तू ओढतं, म्हणून विल्यम गिल्बर्टने 1600 साली तशा पदार्थांना 'इलेक्ट्रिक' म्हटलं.

आता गावाचं विद्युतीकरण कधी झालं म्हणायचं? 1997 पर्यंत महसुली हद्दीत कुठेही, कशासाठीही वीज वापरली की गाव विद्युतीकृत ठरे. शिवारात एक मोटार चालली तरी पुरे, गावठाण अंधारात असलं तरी! 2004 पासून वस्तीत आणि दलित वस्तीतही डीपी (विजेचा दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) आणि लाईन, शाळा-ग्रामपंचायतीत वीज आणि किमान 10 टक्के घरांत जोडणी, अशी अट आली. माझ्या मते हीदेखील फार तोकडी आहे. शेवटच्या घरात, शेवटच्या विहिरीवर किती व्होल्ट पोचतात, हे तिच्यात कुठेच नाही.

विजेचा खरा कस तिथेच लागतो. परळीच्या केंद्रात तयार झालेली वीज असो की आणखी कुठली, गावाजवळ ती 11 हजार व्होल्टवर येते. डीपी तो दाब साधारण 25 पट उतरवते, म्हणजे तेवढ्याच कामाला 25 पट प्रवाह लागतो. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे त्याच जाडीच्या, तेवढ्याच लांबीच्या तारेत नासाडी 625 पट! डीपीपासून लांबच्या विहिरीवर दाब पडतो. मोटार मात्र तेवढंच पाणी उचलू पाहते, जास्त प्रवाह ओढते, आतलं तारेचं वेटोळं, म्हणजे वाइंडिंग, तापतं आणि तारेवरचं वार्निश जळतं. ऐन पाण्याच्या पाळीला मोटार भरायला, म्हणजे नवं वाइंडिंग करायला, टाकावी लागते. पीक डोळ्यांदेखत सुकतं, त्याची नोंद कुठल्याच व्याख्येत होत नाही.

यावर उपाय आहे: लघुदाबाची तार आखूड ठेवायची. उच्चदाब वितरण प्रणालीत 11 हजार व्होल्टची लाईनच विहिरीजवळ नेतात आणि एक-दोन शेतकऱ्यांमागे एक छोटी डीपी बसवतात. लांबचा पल्ला उच्च दाबावर कापला जातो, आणि मोटारीला पुरता दाब मिळतो.