कॉर्व्हेअर आणि बीटल: इंजिन दोन्हींचं मागे, हिशेब वेगळा

जुन्या गाड्यांच्या गप्पांत शेवर्ले कॉर्व्हेअरला "अमेरिकेची बीटल" म्हणून मोकळं होणारे बरेच भेटतात. चूक समजण्यासारखी आहे. दोन्हींचं इंजिन मागे, दोन्हींत रेडिएटर नाही, इंजिन हवेवर थंड होतं आणि सिलिंडर आडवे, समोरासमोर बसवलेले. पण मांडणी सारखी असली तरी दोन्ही गाड्यांकडून अपेक्षा फार वेगळ्या होत्या.

फोक्सवॅगनने बीटलकडून थोडंच मागितलं. १९६०च्या सुमारास तिच्यात जेमतेम १.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन होतं. १९६०चं मॉडेल म्हणून आलेल्या कॉर्व्हेअरला मात्र अमेरिकन कुटुंबाची गाडी व्हायचं होतं: सहा माणसं, सपाट फरशी, हवा असल्यास ऑटोमॅटिक गिअर. म्हणून सहा सिलिंडर, २.३ लिटर, ८० अश्वशक्ती. इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं असूनही ठरवल्यापेक्षा जड झालं, आणि ते सगळं वजन मागच्या चाकांच्याही मागे.

खरी गोम मागच्या अ‍ॅक्सलमध्ये आहे. सुरुवातीच्या दोन्ही गाड्यांत स्विंग अ‍ॅक्सल होता, म्हणजे अ‍ॅक्सलला सांधा फक्त गिअरबॉक्सपाशी. चाक वरखाली झालं की तिरकंही होतं. जोरात वळताना एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला, तर मागचा भाग उचलला जातो, बाहेरचं चाक आत दुमडतं आणि शेपूट सुटते. हलक्या, कमी ताकदीच्या बीटलमध्येही हे होई. कॉर्व्हेअरमध्ये मागचं वजन आणि वेग दोन्ही जास्त. पुढच्या चाकांना अँटी-रोल बार (वळताना गाडी कलू न देणारी दांडी) बसवला असता तर बराच आवर बसला असता. खर्च वाचवायला तो गाळला आणि भिस्त ठेवली टायरमधल्या हवेवर: पुढे १५ पौंड, मागे २६. कागदावर हे बरोबर आहे. पण पंपावर चारही चाकांत सारखी हवा भरून घेणाऱ्या माणसाच्या हाती गाडीचा तोल सोपवणं मला आजही पटत नाही.

ग्राहकांच्या सुरक्षेसाठी लढणारे अमेरिकन वकील राल्फ नेडर यांनी १९६५ साली टीकेची झोड उठवली ती याच जुन्या अ‍ॅक्सलवर. तोवर शेवर्लेने १९६४च्या मॉडेलला अँटी-रोल बार दिला होता, आणि १९६५च्या मॉडेलला दोन्ही टोकांना सांधे असलेलं नवं सस्पेन्शन. अमेरिकेतल्या बीटलला तसं सस्पेन्शन सर्रास मिळालं १९६९च्या मॉडेलपासून! १९७२च्या सरकारी अहवालानेही १९६० ते ६३ची कॉर्व्हेअर तेव्हाच्या इतर गाड्यांपेक्षा जास्त धोकादायक नसल्याचं म्हटलं. तोवर उशीर झाला होता. गाडी १९६९मध्येच बंद पडली होती. मला याची मनापासून हळहळ वाटते, कारण १९६५ची कॉर्व्हेअर त्या काळच्या बीटलपेक्षा निश्चितच चांगली चालणारी गाडी होती.

फॅन बेल्टची गोष्टही अशीच. बीटलमध्ये पट्टा खालच्या पुलीवरून सरळ वर डायनॅमोला जातो आणि फॅन त्याच डायनॅमोच्या दांड्यावर. ताण कमीजास्त करायला डायनॅमोवरच्या पुलीच्या दोन अर्धुकांमध्ये पातळ चकत्या घालायच्या किंवा काढायच्या, बस्स. कॉर्व्हेअरचं इंजिनावरचं मागचं झाकण ठेंगणं राहावं म्हणून फॅन इंजिनावर आडवा झोपवला, त्यामुळे उभ्या पुलीवरून निघालेल्या पट्ट्याला वाटेत काटकोनात वळावं लागतं. ताण चुकला की पट्टा निसटतो. दोन्ही गाड्यांत पट्टा गेला की इंजिन थंड करणारी हवाच बंद, तेव्हा लाल दिवा लागताक्षणी थांबायचं.

समोरच्या गाडीला कुठला अ‍ॅक्सल आहे हे कळत नसेल तर मागून जॅकवर उचलून बघा. स्विंग अ‍ॅक्सल असेल तर लोंबकळणारी चाकं खालच्या बाजूने एकमेकांकडे झुकतात. १९६५च्या मॉडेलपासूनच्या कॉर्व्हेअरची तशी झुकत नाहीत.